न टेकणारं बटण

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर. रमजानचा पहिला आठवडा चालू होता आणि जव्हारची थंडी अंगात मुरायला लागली होती. गुरुवारी सकाळी दाभोसा गावच्या जीपमधून योगिता उतरली ती गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊनच. तडक शकीलचाचांच्या दुकानात आली.

शकीलचाचा रेडिओपासून इस्त्रीपर्यंत सगळं दुरुस्त करत. दुकानाच्या मागच्या अंगाला, पडद्यापलीकडे, त्यांची बायको सलिमा शिवणकाम करी.

"चाचा, याची निम्मी बटणं मेलीत," योगिता म्हणाली. "सोमवारी ठाण्याला टायपिंगची चाचणी हाये. पास झाले तर मोखाड्याच्या हापिसात नोकरी."

कॉम्प्युटर तिच्या भावाने, हेमंतने, ठाण्याच्या कुठल्याशा कंपनीच्या भंगारातून आणला होता. इतका जुना, की नव्या कीबोर्डची पिन त्याला बसेना. सहा महिने तिने याच बटणांवर बोटं झिजवली होती.

"बटणच ना? दोन पत्र्या टेकल्या की काम, सुटल्या की आराम. जगात दुसरं बटण नाही," चाचा म्हणाले. "माझं नाव लिही बघू."

योगिताने लिहिलं. 'क' उठेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं 'शील'.

पडद्याआडून मान काढून सलिमाने वाचलं. "बाई गं! माझ्या वीस वर्षांच्या संसारात जे आलं नाही, ते एका बटणाने आणलं."

योगिता पदर तोंडाला लावून हसली. चाचांनी ऐकलंच नाही असं दाखवत स्क्रू फिरवायला घेतले.

आत मात्र पत्र्या नव्हत्याच. प्रत्येक बटणाखाली स्पंजची गोल चकती आणि तिच्या बुडाशी चमकीच्या प्लॅस्टिकचा तुकडा. स्पंज हात लावताच शिळ्या केकसारखा भुगा होत होता.

"हे प्लॅस्टिकच मधे येतंय," चाचांनी निदान केलं. 'क'च्या बटणाला त्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. बटणांखालची सर्किटची पाटी पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. तरी नाही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकून आले, तरी तेच. योगिता स्टुलावर बसून मांडीवरच बोटं आपटत सराव करत होती. तिचं ते बघून चाचांना कसंनुसं झालं. त्यांनी एक जिवंत बटण मीटरला लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मीटर म्हणतो, काहीही टेकलं नाही. आणि पडद्यावर अक्षर उमटतंय! न टेकता कसं कळतं याला?"

सलिमाने दोरा दातांनी तोडला. "अहो, रोज दुपारनंतर तुम्ही समोरच्या भज्यांच्या कढईपाशी जाऊन उभे राहता. तोंड लावत नाही, हात लावत नाही. पण सगळ्या मोहल्ल्याला कळतं ना, की तुम्हाला भूक लागलीय?"

चाचांचा चेहरा आधी लाल झाला. त्यांनी मीटर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे नुसतं जवळ जायचं. टेकायचंच नाही. ते प्लॅस्टिक रोजा पाळायलाच लावलंय."

"आणि तुम्ही तो सोडवायला बसलात," सलिमा म्हणाली.

आता स्पंज हवा होता. सलिमाने मुकाट्याने आपला डबा ओतला. पंजाबी ड्रेसच्या खांद्यात घालायचे स्पंज! "दोन नवऱ्यामुलींचे खांदे पडणार तुमच्यापायी," ती म्हणाली. चमकीसाठी भेटवस्तू गुंडाळायचा प्लॅस्टिकचा कागद निघाला. शर्टाचं बटण ठेवून गोल आखायचे आणि कापायचे. चमक वर, प्लॅस्टिक खाली. तिघं कापायला बसली. चाचांनी दोनदा चमक खाली चिकटवली आणि दोन्ही वेळा त्यांना 'शील' अशी हाक ऐकावी लागली. घासलेल्या पाटीला काही थेट टेकू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा हात दिला. तेही सलिमाचंच.

शनिवारी दुपारी सगळी बटणं बोलायला लागली. फक्त खांद्याचे स्पंज घट्ट होते. एकेक बटण दाबायला जोर लागे.

"दाबशील ना पोरी?" चाचांनी काळजीने विचारलं.

"चाचा, मी नागली झोडलेली पोर हाये," योगिता म्हणाली आणि दुकान बंद होईस्तोवर बडवत राहिली. रविवारीही.

मंगळवारी ती जीपमधून उतरली तेव्हा चाचा दुकानाच्या पायरीवरच होते. तिचा चेहरा बघून त्यांना काहीच कळेना.

"काय गं? झालं का नाही?"

"तिथली बटणं लोण्यासारखी मऊ, चाचा. मी आपली सवयीने हाणतेय. पाचव्या मिनिटाला म्याडम आल्या. म्हणाल्या, बाई, टेबल हलतंय, शेजारच्या मुलीच्या चुका होतायत."

"मग? काढलं तुला?"

"नाही. टेबल भिंतीला टेकवलं." तिने पिशवीतून मोखाड्याच्या नोकरीचं पत्र काढून चाचांच्या हातात ठेवलं. "एक तारखेला हजर व्हायचंय."

चाचांनी पत्र दोनदा वाचलं आणि आत बघून ओरडले, "सलिमा, ऐकलंस का? आपली पोर लागली!"

"ऐकलं," आतून आवाज आला. "तिला म्हणावं, पहिल्या दिवशी हापिसातलं टेबल आधी हलवून बघ."