पुलाखालचा दवाखाना

माझ्या दवाखान्याची बाहेरची खोली पांढरी होती आणि मला तिचा फार अभिमान होता. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, ओळीने मांडलेल्या खुर्च्या पांढऱ्या. कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड तेवढं हिरवं होतं, पण तेही अंग चोरून उभं असायचं. दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसाला दारातच कळलं पाहिजे की इथे जंतूला बसायला जागा नाही, असं माझं मत होतं.

अशा या खोलीत आमच्या चिरंजीवांना उड्डाणपुलाखालची जागा करायची होती.

चिरंजीव इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजात शेवटचं काम कागदावर चालत नाही. खरी खोली करायची, महिनाभर माणसांनी ती वापरायची, मग बाहेरचे परीक्षक येऊन बघणार आणि पास की नापास ते तिथेच ठरणार. कुणी मावशीचं दुकान धरलं, कुणी काकाचं ऑफिस. याच्याकडे आईचा दवाखाना आयता होता. खरं तर हा दातांचा डॉक्टर होईल, माझ्या शेजारी दुसरी खुर्ची टाकेल, अशी स्वप्नं मी बरीच वर्षं बघितली होती. शाळा संपल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं, "आई, मला लोकांच्या तोंडात डोकवायचं नाही." मला ते लागलं होतं, अजूनही थोडं लागतं. निदान बाहेरची खोली तरी त्याच्या हातून होऊ दे, म्हणून मी हो म्हटलं. नकाशे बघायच्या आधीच हो म्हटलं, हा माझा गाढवपणा.

जेवणाच्या टेबलावर त्याने कागद पसरले. त्यात सिमेंटचा एक जाडजूड खांब होता. खांबावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ, पाण्याचे काळे ओघळ, वरून खालपर्यंत फाटकी पोस्टरं. बाजूला गंजलेल्या पाइपचा कठडा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुझी वेटिंग रूम."

"अरे, तिथे माणसं दात दाखवायला येणार आहेत की लपून बसायला?"

"आई, तू कधी पुलाखाली थांबून बघितलंयस? मी दोन महिने तिथे बसून चित्रं काढलीत. कुणी डुलकी काढतं, कुणी नखं कापतं, कुणी फोनवर मनसोक्त भांडतं. कुणी कुणाला घाबरत नाही. तुझ्या पांढऱ्या खोलीत लोक श्वाससुद्धा परवानगी काढून घेतात."

"स्वच्छतेचा धाक असलाच पाहिजे."

"आणि सगळ्या खुर्च्या तुझ्या दाराकडे तोंड करून. दाराआडून मशीनचा आवाज. आत निकाल लागतोय आणि हे बाहेर बसलेत, असं वाटतं त्यांना."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे गणिताचे मास्तर. हे वर्गात शिरले की पंखासुद्धा हळू फिरतो, असं त्यांची मुलं म्हणतात. घरातल्या कुठल्याच वादात हे पडत नाहीत. त्या दिवशी मात्र ताटातला मऊ भात चिवडता चिवडता खाली बघूनच म्हणाले, "करू दे की त्याला."

दोघं एका बाजूला झाल्यावर मी काय बोलणार? पण अटी घातल्या. पहिली अट, आतल्या दारापर्यंतच. दाराच्या आत माझं राज्य, तिथे खिळासुद्धा ठोकायचा नाही. दुसरी अट, महिनाभरात एक जरी पेशंट खोली बघून परत गेला, तर मी सगळ्याला पांढरा रंग मारणार.

"परीक्षक यायच्या आधी?"

"परीक्षक दारात उभे असले तरी."

"आणि कुणीच परत गेलं नाही तर?"

"तर राहू दे तुझा पूल."

मग सुतार आला, गवंडी आला आणि माझी खोली बघता बघता गेली. खांब आतून पोकळ लाकडी सांगाड्याचा, वरून सिमेंटचा. त्याच्याभोवती गोल बाक, म्हणजे बसणाऱ्याची पाठ खांबाला आणि तोंड बाहेर. कुणी कुणाच्या समोर नाही, माझ्या दारासमोर तर कुणीच नाही. रस्त्याकडची खिडकी मी वर्षानुवर्षं बंद ठेवली होती, ती याने उघडली. धूळ येईल म्हणून मी ओरडले, तर त्याने माझ्या दाराबाहेर आणखी एक जाड दार बसवून दिलं. खांबावर चिकटवायला छापखान्यातून जुनी पोस्टरं आणली. माझ्या माळ्यावरची 'दात सांभाळा'ची पोस्टरंही काढली, ज्यांच्यावर किडलेल्या दाढेचं आडवं कापलेलं हे एवढं चित्र होतं. खळ कालवून सगळी एकावर एक चिकटवली. माझ्या दाढेवर सर्कशीचा हत्ती बसला.

पहिल्या सकाळी पहिल्याच पेशंट, एक जाडशा बाई, दारात थबकल्या. त्यांनी खांब बघितला, ओघळ बघितले आणि काउंटरवरच्या ताईंना म्हणाल्या, "काम चालू आहे वाटतं. संपलं की फोन करा, मी नंतर येते."

मी आतून हे ऐकलं. शर्त माझीच होती. बाई पायऱ्या उतरल्या असत्या तर दुपारपर्यंत रंगाचे डबे आले असते. मी विजयी मुद्रेने बाहेर आले आणि कठड्याशी उभ्या असलेल्या चिरंजीवांकडे नजर गेली. लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडायचं की नाही हे ठरवताना त्याचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसाच झाला होता. पुढच्या क्षणी मी हातमोजे घातलेल्या हातांनी बाईंचा दंड धरला होता.

"काम संपलंय!" मी म्हणाले. "हे असंच आहे! या, बसा!"

बाई घाबरून बसल्या. शर्तीच्या नियमात हे बसत नव्हतं, पण नियम मीच केले होते.

पुढे माझी गरज पडली नाही. लोक आधी हसायचे, मग बसायचे, मग बोलायला लागायचे. खिडकीतून रस्त्याचा घोंघाट यायचा आणि त्यात माझ्या मशीनचा आवाज विरून जायचा. एक आजोबा तर चक्क घोरले. नंबर आल्यावर उठवलं तेव्हा म्हणाले, "बस आली का?" आठवड्याभरात लोक रिक्षावाल्याला 'पुलाखालचा दवाखाना' असं सांगून येऊ लागले. मला राग यायचा, पण पेशंट वाढत होते, त्यामुळे राग गिळणं भाग होतं.

एक गोष्ट मात्र मला खपेना. संध्याकाळी झाडताना बाकाखाली कागदांच्या चिंध्यांचा ढीग निघायचा. लोक बसल्या बसल्या पोस्टरं ओरबाडायचे. मी ताईंना झापलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, मी कुणाला अडवत नाही. तसं सांगितलंय."

"कुणी?"

"आपल्या साहेबांनी. छोट्या."

छोट्या साहेबांना घरी धारेवर धरलं. तो शांतपणे म्हणाला, "आई, ती फाडण्यासाठीच आहेत. पुलाखालची पोस्टरं वाऱ्याने फाटतात असं मला वाटायचं. तसं नाही. वाट बघणारी माणसं फाडतात. हाताला काहीतरी लागतं. दर रविवारी मी नवा थर लावतो."

याला कॉलेजात हे शिकवतात? मी कपाळाला हात लावला आणि कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकायला निघून गेले. तिथे दुसरा वैताग. ह्यांच्या शर्टाच्या खिशात कागदाचे रंगीत कपटे. मशीनची जाळी तुंबली होती ती यानेच.

"अहो, हे काय खिशात?"

"वर्गातली मुलं बोळे मारतात," हे म्हणाले आणि घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला.

ज्या माणसाला अख्खी शाळा टरकते त्याला बोळे कोण मारणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. ह्यांनी शेंगदाणे सोडले ते पित्तामुळे, सफरचंद सोडलं ते महाग झालं म्हणून, हेही मी असंच मान्य केलं होतं.

परीक्षक आल्या त्या दिवशी खोली भरलेली होती. बारीक केस कापलेल्या, फारसं न हसणाऱ्या बाई. त्यांनी खांबावर टिचकी मारली. "पोकळ."

"हो," चिरंजीव म्हणाले.

कठड्यावर बोट फिरवलं. "गंज रंगवलेला."

"हो. खरा लोकांच्या कपड्यांना लागला असता."

"पुलाखाली ज्यांना खरोखर राहावं लागतं त्यांना गंज आणि ओघळ आवडत नाहीत. त्यांची अडचण उचलून तुम्ही इथे शोभेला मांडलीत. का?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. त्याचे कान लाल झाले. मला त्या बाईंचा असा राग आला की त्यांचा एखादा दात हलतोय का ते बघावंसं वाटलं. पण प्रश्न मलाही पडलेलाच होता.

"शोभेला नाही," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, नुसता रंग असता तर मी तो काढून टाकला असता. ही खोली मी एका माणसासाठी केली आहे. बाकीच्यांना ती चालून गेली."

"कुठल्या माणसासाठी?"

त्याने एकदा खांबाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "त्यांची दाढ वर्षभर दुखतेय. ते गावातल्या दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. पायरीवरून परत फिरले आणि समोरच्या पुलाखाली जाऊन बसले. मी कॉलेजातून येताना बघितलं. गालाला एक हात लावलेला आणि दुसऱ्या हाताने पोस्टर सोलत होते. दवाखान्याच्या पायरीवर त्यांना मिनिटभर उभं राहवलं नाही, तिथे तासभर बसले. मला वाटलं, हीच जागा दवाखान्याच्या आत आणता आली तर ते आतपर्यंत येतील. आता रोज येतात. नंबर आला की उठून जातात, पण येतात."

खांबाच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी ओळखलं. त्या खाकरण्याने शाळेतले वर्ग गप्प होतात. हे खांबाआडून उभे राहिले. मांडीवरून कपट्यांचा सडा खाली पडला. त्यात माझ्या पोस्टरातली अर्धी दाढही होती.

"नंबर माझाच आहे ना?" ह्यांनी ताईंना विचारलं.

"तुमचाच, साहेब," ताई म्हणाल्या. "रोजच असतो."

मी दार उघडून बाहेर आले. बोलायचं बरंच होतं. दुसरा डॉक्टर! घरात दातांची डॉक्टर असताना गावातला दुसरा डॉक्टर! आयुष्यभर मी लोकांना 'घाबरू नका' म्हणत आले आणि माझ्याच घरातला माणूस तोंड मिटून हसत होता. मला इतकं वाईट वाटलं की ओरडताही येईना. "चला," एवढंच म्हणाले.

आत येताना मागे वळून बघितलं. परीक्षक बाई वही मिटून बाकावर टेकल्या होत्या. चिरंजीवांशी बोलता बोलता त्यांचा अंगठा पोस्टरातल्या हत्तीच्या कानाखाली शिरला होता.

हे माझ्या पांढऱ्या खुर्चीत बसले. दिवा लावला. तोंड उघडलं तेव्हा दिसलं, उजवीकडची खालची दाढ. बरी होण्यासारखी होती. मशीन हातात घेतलं आणि ह्यांचा हात खुर्चीच्या पांढऱ्या हातावर खरवडायला लागला. तिथे सोलायला काहीच नव्हतं. नख नुसतं घसरत होतं.

मी मशीन खाली ठेवलं, दार उघडलं आणि हाक मारली, "एक पोस्टर आण. आणि खळ."

चिरंजीव धावत आले आणि उंबऱ्याशीच थांबले. "आत येऊ?"

"ये ना. बघतोस काय?"

त्याने खुर्चीच्या हाताला आधी प्लास्टिक गुंडाळलं, मग त्यावर पोस्टर चिकटवलं. कडा मुद्दाम सुटी ठेवली. ह्यांच्या बोटाला ती लगेच सापडली. बाप वर दिव्याकडे बघत होता, मुलगा खाली बसून कडेवर फुंकर घालत होता. मला वाटत आलं होतं की याने पेशंट बरे करावेत. जो पेशंट मला कधी मिळालाच नसता, तो याने माझ्या खुर्चीत आणून बसवला होता. डोळे भरून आले, पण हातमोजे घातले होते म्हणून पुसता आले नाहीत.

काम व्हायला फार वेळ लागला नाही. ह्यांनी चूळ भरली, जिभेने दाढ चाचपली आणि संशयाने माझ्याकडे बघितलं.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. एवढ्यासाठी वर्षभर शेंगदाणे सोडलेत."

ह्यांच्या बोटाने पुन्हा कडा शोधली. खुर्चीच्या हातावर आता पोस्टराचा कपटाही उरला नव्हता. मग खाकरले.

"वरच्या बाजूचीही एक आहे," ह्यांनी कबूल केलं. "उद्या येईन."

चिरंजीव खळीचा डबा उचलून बाहेर निघाले होते.

"तो डबा इथेच ठेव," मी म्हणाले. "आत."