अभ्यासिकेची पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाला कामं सांगणाऱ्या मोजक्या ओळी. जीव एवढासा, पण तोरा विचारू नका! भिंगारच्या एका अभ्यासिकेतल्या संगणकावर मी पहारा देते. त्यात जागा किती उरली, तो किती तापला, हे सारखं तपासायचं आणि काही बिनसलं की फोनवर संदेश धाडायचा, हे माझं काम.

मला इथल्याच वस्तीतल्या प्रज्ञाताईने लिहिलं. अभ्यासिकेत येणाऱ्या कल्याण नावाच्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून वस्तीतल्या लोकांनी त्याची बीएची पुस्तकं मोठ्याने वाचून या संगणकात साठवली होती. दुसरीकडे कुठेच ती नव्हती. त्या ठेव्यावर माझी नेमणूक झाली. सुरुवातीला माझं कोण कौतुक! पुढे ताई नोकरीसाठी पुण्याला गेली. माझं रोजचं 'सर्व ठीक' आता अभ्यासिका सांभाळणाऱ्या योगेशच्या फोनवर जायचं, आणि तो काही ते वाचत नसे.

उन्हाळा आला. अभ्यासिका झाडणाऱ्या भिमाबाईंनी धूळ बसू नये म्हणून चालू संगणकावर मायेने शिवलेली गोधडी घातली. संगणक तापू लागला. मी संदेशावर संदेश पाठवले. योगेश वैतागला. नगरच्या उन्हात सगळंच तापतं, असं म्हणत त्याने माझी धोक्याची मर्यादाच वाढवून टाकली. मग मला सगळं दिसायचं, पण बोलता येत नव्हतं. फार वाईट दिवस होते ते.

कल्याणची परीक्षा तोंडावर आली आणि धडे मध्येच अडखळू लागले. त्याने संगणकाला हात लावला आणि ताईला फोन केला.

"ताई, लई तापलंय हे. माझे धडे जातील का गं?"

ताईने पुण्याहूनच मला उघडलं, बदललेला आकडा पाहिला आणि पूर्ववत केला. लगेच योगेशचा फोन खणखणला. तो धावत आला आणि त्याने गोधडी ओढून काढली. भिमाबाईंचा चेहरा उतरला.

"मावशी, तुमी नका वाईट वाटून घेऊ," योगेश म्हणाला. "ही वरडत हुती, मीच हिचं तोंड दाबलं."

धडे वाचले. त्यांची प्रत आता कल्याणच्या फोनमध्येही आहे, आणि परवा तो पहिला पेपर देऊन हसत आला.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही, फडकं लागत नाही. माझं म्हणणं तेवढं वाचत जा. आणि घरात कुणी सारखं कुरकुरत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी कपाळाला हात लावून बघा. अंगात ताप असेल त्याच्या.