गोणीतून परत आलेली माझी लेक

मी एक म्हातारी गावठी कुत्री आहे. माझे दात झिजले आहेत आणि मागचा पाय ओढत चालावे लागते. सोलापूरजवळ वळसंगमध्ये हिंदुरावांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. तिथेच मी आयुष्यभर राखण केली. ज्वारीत शिरलेली रानडुकरे मी हाकलली, तेव्हा मालकांनी मला भाकरीबरोबर गूळही दिला होता. पण मित्रांनो, मला आज सांगायचे आहे ते माझ्या एका बाळंतपणाविषयी.

ऐन थंडीत मी कडब्याच्या आडोशाला व्याले. पाच पिल्ले झाली. इतक्या लहान पिल्लाला आपले अंग गरम ठेवता येत नाही. मी पोटाशी घेतले तरच त्याला ऊब मिळते, मी चाटले तरच त्याला शू होते. म्हणून मी पाणी प्यायलाही धावत जाई आणि धावत येई.

मालकांची सून सुकन्या हिलाही नुकतीच मुलगी झाली होती. ती दुधात भाकरी कुस्करून आणी आणि म्हणे, "खा बाई, तुला बी पाजायचं हाय."

एकदा मी पाणी पिऊन परतले, तर कडब्यात दोनच पिल्ले! कुत्र्याला मोजता येत नाही म्हणतात. पण आचळे दुधाने तटतटली आणि त्यांवर तोंड नसले, की कळते. मी गोठाभर हुंगत रडू लागले. सुकन्या धावत आली.

"मामा, बाकीची पिल्लं कुटं हायती?" तिने सासऱ्यांना विचारले.

"माद्या व्हत्या तिन्ही. गोणीत घालून वड्याकडं सोडून आलो," हिंदुराव म्हणाले. "उद्या त्या बी व्यायला लागल्यावर कोण सांभाळणार?"

"अवो, डोळं बी उघडलं न्हाईत त्यांचं!"

मुलीला शेजारच्या सिद्धम्मा आजींजवळ देऊन ती ओढ्याकडे पळाली. मलाही जायचे होते. पण उरलेली दोन उघड्यावर टाकून मी कशी जाणार?

ती गोणी घेऊन आली. एक पिल्लू कडक झाले होते. दोन जेमतेम हलत होती.

"अय्यो, उपाशी हायती की!" म्हणत सिद्धम्मा आजींनी एकीच्या तोंडात कापसाने दूध पिळले. दूध नाकातून बाहेर आले. तिने दोन आचके दिले आणि ती निपचित पडली.

सुकन्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गारठलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, त्याला गिळता येत नाही. आधी ऊब द्या."

आजी कपाळाला हात लावून खाली बसल्या. सुकन्याने तिसरीला पदराआड, उघड्या छातीशी धरले. तिची मुलगी रडू लागली, सुकन्याचे पोलके दुधाने भिजले, तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळाने पिल्लू चिरकले. मग तिने ते माझ्या आचळाला लावले. त्याला गोणीतल्या खताचा उग्र वास येत होता. तो जाईपर्यंत मी चाटत राहिले.

त्या दोघींना कुंपणाशी पुरले. मी तिथली माती उकरू लागले, तेव्हा सुकन्याने मला कवेत धरून मागे ओढले.

तिसरी फार अशक्त होती. तिचे दांडगे भाऊ बाजूला सारून सुकन्या तिला मागच्या, भरल्या आचळाला लावी. ओले झालेले फडके बदलून कोरडे अंथरी. लेकीने डोळे उघडले, तेव्हा हिंदुराव जवळ आले. ती त्यांच्या पायाकडे सरपटली.

"हिला ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले.

"ती ऱ्हाणारच हाय, मामा," सुकन्या म्हणाली. तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, आमची पिल्ले नको असतील तर वेळीच आमची नसबंदी करून घ्या. पण डोळे न उघडलेले पिल्लू आईपासून तोडू नका. त्या तिघी गोणीत रडल्या असतील. त्या वयात पिल्लाला स्वतःचे रडणेही ऐकू येत नाही.