घड्याळाला रेडियम लावायचं होतं

या, अशा जवळ सरकून बसा. टाळ अजून पिशवीतच राहू द्या. आज एका घड्याळाची गोष्ट सांगायची आहे, तिला नुसते कान पुरतील.

जयपूरच्या मालवीय नगरात गुलाबराव एकटे राहत. मूळचे साताऱ्याकडचे. छावणीत नोकरी केली, पेन्शनीत निघाले आणि तिथेच राहिले. मूलबाळ नाही. बायको तारामती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्या घरात मराठी बोलणं व्हायचं ते फक्त देवाशी.

त्यांच्याकडे वडिलांचं पलटणीतलं मनगटी घड्याळ होतं. लग्नाच्या वर्षी त्याचे आकडे अंधारात हिरवे चमकायचे. तारामती ते उशाशी ठेवून काकड्याची वेळ बघायची. पुढे चमक गेली. ती म्हणायची, "अवो, त्याला रेडियम लावून आणा की." हे म्हणायचे, "आणू." तो 'आणू' वीस वर्षं चालला, आणि मग म्हणणारीच राहिली नाही.

शेवटी एका सकाळी गुलाबराव चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहराच्या बाजारात, गेले. नंबरप्लेटची अक्षरं, मडगार्डवरचे चमकते देव, सगळं तिथे 'रेडियम' याच नावानं मिळतं. दुकानदार म्हणाला, "बाऊजी, पुराना खुरच देता हूँ, फिर असली रेडियम लगाऊँगा." त्यानं घड्याळाच्या सैल काचेखाली पातं धरलं.

"भैया, रुकिए." स्कूटरच्या पाटीसाठी थांबलेली एक मुलगी पुढे झाली. मग गुलाबरावांना म्हणाली, "काका, मराठी ना तुम्ही? हिंदीवरून कळलं."

"लपत न्हाई व्हय?"

"अजिबात नाही."

भार्गवी तिचं नाव. कॅन्सरच्या इस्पितळात किरणांची यंत्रं तपासायची. जन्म जयपूरचाच, म्हणून मराठी अडखळत. "काका, हे दुकानातलं रेडियम, मतलब, नुसती चमकती पट्टी. खरं रेडियम तुमच्या घड्याळात आहे."

"ते कधीच विझलं, पोरी."

"विझली ती त्यात मिसळलेली पूड. धातू जागा आहे. सोळाशे वर्षांनी कुठे निम्मा होईल." खरवडलं असतं तर भुकटी उडून श्वासात, पोटात गेली असती, असं तिनं सांगितलं. "कॅल्शियमसारखा आहे तो. हाडं त्याला आपला समजून घरात घेतात. मग आतून किरणं मारत बसतो."

दुकानदारानं पातं खाली ठेवलं आणि हात पँटला पुसू लागला.

"पँट से नहीं, साबुन से," भार्गवी म्हणाली.

गुलाबरावांनी विचारलं ते भलतंच. "दोन वर्षं उशीखाली ठेवलंय. आता आणखी किती दिवस ठेवलं तर चालेल?"

"एकही नाही, काका. काच सैल आहे, पूड सुटतेय. जमा करावं लागेल. उशी पण आणा, तुम्हालाही तपासू."

"बायकोच्या साड्या तिच्या बहिणीनं नेल्या," गुलाबराव म्हणाले. "माझ्यापाशी हे एवढंच आहे."

भार्गवीनं घड्याळ पिशवीत पिशवी घालून बांधलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तिनं मापकयंत्र घड्याळाजवळ नेलं, तशी त्याची कडकड सुरू झाली. गुलाबराव बघत राहिले. "इतकी वर्षं हे बोलत होतं, आणि आम्हाला ऐकूच आलं न्हाई."

घड्याळ शिशाच्या डबीत गेलं. भार्गवीनं डबीवर डकवायची चिठ्ठी पुढे ओढली. "नाव सांगा."

"ही डबी किती वर्षं सांभाळणार?"

"आपण नसू तेव्हाही कुणीतरी सांभाळेल. फेकता येत नाही ना."

"मग माझं नको. तारामती लिहा."

"काका, नियमानं देणाऱ्याचं नाव लागतं."

"देणारी तीच हाय."

भार्गवीनं शाळेत हिंदीसाठी गिरवलेल्या वळणदार अक्षरांत वर 'तारामती' लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव.

त्यांना तपासून घरी सोडलं, उशी मात्र इस्पितळानं ठेवून घेतली. त्या दुपारी गुलाबराव हातावर डोकं ठेवून आडवे झाले. उशीखाली हात घालायची सवय होती, ती जायला बरेच दिवस लागले.

मोठमोठ्या सतींना आठवायला कीर्तनकार आहेत, बाबांनो. हिच्यामागे एक नवरा आणि एक चिठ्ठी. आज नामस्मरणाला बसाल तेव्हा पांडुरंगाच्या नावाला लागून हळूच एक नाव घ्या, तारामतीचं.