सहाच्या सहा पोती

धाकटीची परीक्षा होती आणि विज्ञानातलं आघूर्ण काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं आणि बिजागरीजवळ एका बोटानं दार ढकलायला लावलं. दार ढिम्म. मग कडीपाशी ढकलायला सांगितलं, तर बोट टेकताच ते गेलं. जोर तोच असतो म्हणाली, तो बिजागरीपासून किती लांब लावतो त्यावर सगळं. जोर गुणिले अंतर. आतल्या खोलीतून हे म्हणाले, तुझ्या आईला कुठेही लाव, काही हलणार नाही. माझं वजन बेचाळीस किलो. वारा सुटला की हातात दगड धरून चाल, असं हे मला सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन त्या आठ मजली इमारतीच्या गच्चीवर गेले. हे बाहेरच्या भिंती रंगवतात. गच्चीच्या वीतभर उंच कठड्यावर लांब लोखंडी दांडा टाकलेला असतो. मीटरभर टोक बाहेर, त्याला दोरांनी लटकलेला झुला आणि झुल्यात हे. कमरेचा दुसरा दोरही त्याच दांड्याला. आत तीन मीटर दांडा, आणि त्याच्या पार शेवटच्या टोकावर वाळूची सहा पोती.

गच्चीवर पाय ठेवला की मी आधी पोती मोजते. त्या दिवशीही मोजली. सहाच्या सहा होती.

तेवढ्यात टक असा आवाज झाला.

दांड्याचं आतलं टोक जमिनीवरून बोटभर उचललं गेलं आणि परत टेकलं. टक. पोती टोकावर नव्हतीच. टाकीकडे जायला वाट हवी म्हणून कुणीतरी ती दांड्यावरच पुढे सरकवून कठड्याला खेटून रचली होती. कठडा, म्हणजे बिजागरी.

एक पोतं तरी मागे ओढावं, तर ते माझ्या निम्म्याहून जड. हाक मारावी, तर हे वर बघायला मागे रेलणार आणि झुल्याला हिसका बसणार. डबा खाली ठेवला आणि मी दांड्याच्या अगदी शेवटच्या टोकावर जाऊन बसले. टकटक थांबली.

सकाळचा जप राहिला होता, तो मनात सुरू केला. पण नावात आकडे शिरायला लागले. बेचाळीस त्रिक एकशे सव्वीस. हे पासष्ट, झुला, रंगाचे डबे. देवाचं नाव घेताना असं होऊ नये, ते मला कळतं. झालं. खाली हे भिंतीवरून ब्रश ओढत होते आणि प्रत्येक ओढीला दांडा माझ्याखाली थरथरत होता.

टाकीमागून प्लंबर आला. हातात मोठा पाना. "काय वहिनी, घसरगुंडी का?" म्हणाला आणि मला उठायला सांगू लागला, त्याला पाइप न्यायचा होता. पोती मागे आणा, असं मी म्हटलं. त्याला ते लागलं. एकसुद्धा पोतं नेलेलं नाही, नुसती सरकवली आहेत, हवी तर मोजून घ्या, असं तो चढ्या आवाजात बोलायला लागला. मी मोजली आहेत म्हटलं, तरी त्याचं चालूच. मग मिस्त्रींनाच, म्हणजे यांनाच, विचारतो म्हणून तो कठड्याकडे निघाला.

कुणाला तोडून बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम आहे.

"हाक मारलीत तर याद राखा," मी म्हटलं.

तो थबकला. आवाज माझाच होता का, असं मलाही वाटलं.

"भाऊ, घट्ट बसलेला नट सोडवताना पाना कुठे धरता? नटाजवळ, का टोकाला?"

त्यानं हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग कठड्याला खेटलेल्या पोत्यांकडे, मग माझ्याकडे. पाना त्यानं इतक्या हळू खाली ठेवला की आवाजसुद्धा आला नाही.

पोती त्यानं एकेक करून आणली. तो पोतं उचलायचा तेव्हा माझा जीव गोळा व्हायचा आणि माझ्या गुडघ्यांशी ठेवायचा तेव्हा पुन्हा खाली यायचा. सहावं ठेवून म्हणाला, उठा आता. मी उठले नाही.

तासाभरानं हे झुला खाली सोडून जिन्यानं वर आले. मला पोत्यांमध्ये बसलेली पाहून हसले. "तू काय धरून ठेवतेयस तिथे?"

प्लंबर हसला नाही. त्यानं यांना टाकीमागे नेलं. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

परत आले. डबा उघडला, पहिला घास हातात तसाच राहिला. मग तो डब्यात ठेवून उठले, कमरेचा दोर दांड्यावरून सोडला आणि टाकीच्या खांबाला बांधला. दोन गाठी मारल्या, तिसरी मारली, ओढून पाहिलं.

"ऊठ," म्हणाले. "जेवायला ये."

उठताना मी दांड्यावर हात ठेवूनच उठले. टक झालं नाही.