सवलत क्रमांक तीन मिळाल्याची पोच

आमच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत अपंग विद्यार्थ्यांसाठी साहाय्य केंद्र निघालं, तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. ज्याला गरज असेल त्याला मदत करा, आणि त्याचं नाव गुप्त ठेवा. पहिली गोष्ट चालू असताना डीन एसेनगुल चहाच्या पियाल्यात बघत होते. 'गुप्त' हा शब्द आला तसे ते ताठ बसले. मदत कशी करतात हे आमच्यात कोणाला नीट ठाऊक नव्हतं, पण गुप्त कसं ठेवतात हे जाणणारा माणूस आमच्याकडे होता.

ते शारशेन बाइके. बाइके म्हणजे दादा, पण त्यांच्या तोंडाकडे बघून कोणाला दादा म्हणावंसं वाटत नाही. सोविएत काळात संस्थेच्या तळमजल्यावर लोखंडी दाराची एक खोली होती, तिथे ते बावीस वर्षं बसले. आत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढे देश बदलला, दार उघडलं, तर आत वीस गॅसचे मुखवटे, चहाचं पाणी उकळायचा एक समोवार आणि खिळ्याला टांगलेला त्यांचा कोट निघाला. पण बावीस वर्षं कोणाला पत्ता लागला नाही, हे मान्य करायलाच हवं. निवृत्त झालेल्या त्या माणसाला डीननी घरून बोलावून आणलं आणि केंद्राच्या खुर्चीवर बसवलं.

माझं नाव बुरुलचा. डीन कार्यालयात एकतीस वर्षं झाली. वेळापत्रक, हजेरीपट, परीक्षेच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या हातून जातं. बुरुलचा एजेच्या, म्हणजे ताईच्या, तोंडात तीळ भिजत नाही, असं पोरं म्हणतात. खोटं आहे ते. मी निवडक लोकांनाच सांगते.

केंद्राला जागा मिळाली ती खानावळीच्या बरोब्बर समोर. बाइकेंनी दारावर पाटी लावली : 'अपंग विद्यार्थी साहाय्य केंद्र. अत्यंत गुप्त.' अक्षरं एवढी की समोसा खाता खाता खानावळीच्या शेवटच्या बाकावरून वाचावीत. त्या दारात कोण उभं राहिलं ते शंभर पोरं चघळत चघळत बघणार. संध्याकाळी बाइके दाराला दोरा बांधायचे, त्यावर मेणासारख्या मातीचा गोळा थापायचे आणि खिशातल्या पितळी शिक्क्याने तो दाबायचे. सकाळी येऊन गोळा शाबूत आहे का ते भिंगातून तपासायचे. चार महिने तो शाबूतच राहिला, कारण मुळात आत कोणी गेलंच नाही.

पाचव्या महिन्यात खानावळ धुवायला बंद होती, त्या दिवशी आयझिरेक गेली.

आयझिरेक शेवटच्या वर्षाची, भूगोलाची, वरच्या गावातली. तिच्या डोळ्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, ती एकमेकांत मिसळतात. चष्म्याने काही होत नाही, राजधानीच्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मोठं अक्षर असेल तर वाचते. बाकी सगळं तिने कानांनी शिकून घेतलं होतं. नकाशा तर असा पाठ की डोळे मिटून नद्या सांगाव्यात. वर्गात कोणालाही माहीत नव्हतं, आणि तिला ते तसंच राहायला हवं होतं. तिच्या गावच्या शाळेत भूगोलाची जागा रिकामी होती. शाळेच्या मुख्याध्यापिका कानिशाय एजे शेवटच्या परीक्षेला मंडळात बसणार होत्या. गावात एकदा 'आंधळी' हा शब्द फुटला की तो म्हातारपणापर्यंत पाठ सोडत नाही, हे आयझिरेकला चांगलं कळत होतं.

शेवटची परीक्षा तोंडी असते. टेबलावर तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असतात. एक उचलायची, तिच्यावरचे तीन प्रश्न मंडळासमोर मोठ्याने वाचायचे आणि उत्तरं द्यायची. चिठ्ठ्या मीच छापते. कागद वाचवा असा डीनचा हुकूम, म्हणून एका कागदातून चार निघतात. त्यावरची अक्षरं मुंगीलासुद्धा वाकून वाचावी लागतील.

तर ती केंद्रात गेली. बाइकेंनी डॉक्टरांचा दाखला घेतला, मूळ प्रतच घेतली. पाकिटात घातला, तिजोरीत ठेवला, आणि तिला सांगितलं, "आजपासून तुला नाव नाही. तू शून्य शून्य एक."

"बाइके, पण मोठ्या अक्षरांचं काय?"

"त्याला आपण म्हणायचं सवलत क्रमांक तीन. मी परीक्षा मंडळाला लेखी कळवतो."

कळवलंच त्यांनी. ते पत्र माझ्यामार्फत गेलं. 'विद्यार्थी ००१ यास सवलत क्र. ३ द्यावी. गुप्त.' डीननी ते उलटसुलट करून बघितलं.

"हा ००१ कोण?" त्यांनी फोनवर विचारलं.

"सांगता येत नाही," पलीकडून बाइके.

"बरं, सवलत तीन म्हणजे काय ते तरी सांगा."

"त्यावरून माणूस ओळखू येतो. सांगता येत नाही."

डीननी पत्रावर 'अंमलबजावणी व्हावी' असा शेरा मारला आणि ते फायलीला लावून टाकलं.

आयझिरेक दर आठवड्याला विचारायची, दर आठवड्याला 'काम सुरू आहे' असं उत्तर मिळायचं. शेवटी ती म्हणाली, "माझा दाखला द्या परत. मीच डीन सरांना भेटून दाखवते."

"कसा देणार? तो गुप्त कागद आहे. तो बघायची मंजुरी तुला नाही."

"माझ्याच डोळ्यांचा आहे ना तो?"

"डोळे तुझे," बाइके म्हणाले. "कागद केंद्राचा."

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा ती माझ्याकडे आली. मी चहा ओतला, पाव पुढे केला. तिने एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सगळं सांगून टाकलं. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की पियाला बशीवर आपटला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो आमच्या खानावळीसमोर बसला होता.

"तुझी एक चिठ्ठी मोठी छापते," मी म्हटलं.

"एजे, चिठ्ठ्या पालथ्या असतात. मोठी कुठली ते सगळ्यांना दिसेल. आणि मी नेमकी तीच उचलली की मंडळालाही कळेल."

एवढी हुशार पोरगी, आणि तिला नापास करायला आम्ही सरकारी शिक्का घेऊन बसलो होतो.

"मग सगळ्याच मोठ्या छापते," मी म्हटलं.

तीसच्या तीस चिठ्ठ्या छापल्या, एका कागदावर एक, अक्षरं अक्रोडाएवढी. डीन आले, गठ्ठा बघून त्यांचे डोळे फिरले. "हे काय? बालवाडी काढली का आपण?"

"वरून आलंय," मी म्हटलं.

आमच्याकडे 'वरून' म्हटलं की कुठून ते कोणी विचारत नाही. डीननी छताकडे एकदा पाहिलं आणि गेले. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. फक्त बहिणीला सांगितली, पण ती लांब तलासला असते, तेव्हा ते धरायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष बिश्केकहून आले. त्यांनी पहिली चिठ्ठी हातभर अंतरावरून वाचली आणि चष्मा खिशात टाकला. "वा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणसांसाठी छापलंय," असं म्हणाले. मी कोपऱ्यात हजेरी घेत होते, पण कान टेबलाकडे होते. आयझिरेकची पाळी आली. तिने मधली चिठ्ठी उचलली, तिन्ही प्रश्न अडखळल्याशिवाय वाचले, आणि मग अशी काही बोलली की हिमनद्या, खिंडी, कुठल्या गावाचं पाणी कुठून येतं, सगळं त्या खोलीत वाहायला लागलं. कानिशाय एजेंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

दुपारी चौदाही विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून निकाल वाचला. आयझिरेकला पाचपैकी पाच. मी डोळे पुसत होते, इतक्यात दार उघडलं.

शारशेन बाइके. छातीवर पदकं, हातात कागद.

"माफ करा," ते म्हणाले. "सवलत क्रमांक तीन मिळाल्याची पोच हवी आहे. शून्य शून्य एक यांनी पुढे येऊन इथे सही करावी. नाव कोणी उच्चारू नये."

अध्यक्षांनी डीनकडे पाहिलं, डीननी माझ्याकडे, मी जमिनीकडे.

"बाइके," मी म्हटलं, "नंतर घ्या की. खोलीत घ्या."

"नियमात लिहिलंय, सवलत दिली त्याच जागी पोच घ्यायची." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि बोटाने सारखा केला. "पोच नसेल तर सवलत दिली असं धरता येत नाही. मग ००१ची परीक्षा शरद ऋतूत पुन्हा होईल."

शाळा ऑगस्टच्या शेवटी माणूस नेमते. शरद ऋतूत कोण थांबणार? बाइके वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. ते रांगेकडे पाठ करून उभे राहिले, कोण येतं ते आपल्यालासुद्धा दिसू नये म्हणून. आणि बाकीचे सोळा-सतरा लोक मान वर करून बघत होते.

आयझिरेक रांगेतून बाहेर आली. पोरांमध्ये कुजबुज झाली. ती टेबलापाशी गेली, कागदावर वाकली, आणखी वाकली, नाक टेकेपर्यंत वाकली. पोचेचा कागद बाइकेंनी जुन्या साच्यात छापला होता, बारीक अक्षरांत. सही कुठे करायची ती रेघ तिला सापडेना.

"इथे लिहिलंय ना, इथे," बाइके पाठमोरेच म्हणाले.

ती सरळ उभी राहिली. पेन खाली ठेवलं. मग वळून कानिशाय एजेंकडे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "एजे, मला बारीक अक्षर दिसत नाही. फळा दिसतो, मुलं दिसतात. पुस्तकं मोठ्या अक्षरांत करून घेईन, तेवढं मी पाहते. आता तुम्ही ठरवा."

"गुप्त माहिती फोडली," बाइके गर्रकन वळून म्हणाले. "विनापरवानगी. मला नोंद करावी लागेल. इथल्या प्रत्येकाने आता लिहून द्यायचं की..."

"बसा हो जरा," कानिशाय एजे म्हणाल्या. खरं तर त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण ते बसले.

कानिशाय एजे ठेंगण्या, जाड, गुडघे दुखणाऱ्या बाई. उठायला वेळ लागला. आयझिरेकसमोर उभं राहून त्यांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"चार वर्षं माझ्याकडे भूगोल कसरतीचा मास्तर शिकवतो," त्या म्हणाल्या. "त्याला ससाणा दिसतो तसं दिसतं. नकाशात आमचं गाव अजून सापडलेलं नाही त्याला. तू पंचवीस ऑगस्टला ये."

आयझिरेकने मान डोलावली.

"एक विचारते," एजे आवाज उतरवून म्हणाल्या. पण खोली इतकी शांत होती की मला ऐकू आलंच. "ही डोळ्यांची गोष्ट गावात कोणी सांगायची? मी, तू, की कोणीच नाही? तू म्हणशील तसं करू."

"मीच सांगेन," ती म्हणाली. "पण आधी महिनाभर शिकवू दे."

"बरं," कानिशाय एजे म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवी उचलली.

तिजोरी, शिक्का, क्रमांक, पत्र, तीस मोठ्या चिठ्ठ्या, एवढं सगळं त्या मुलीसाठी झालं होतं. पण हा एक प्रश्न तिला इतक्या महिन्यांत आमच्या संस्थेत कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. चिठ्ठ्या मी छापल्या, बहिणीला मी सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.