कळवतो

दुसरबीडात मले सगळे ओळखतात ते माझ्या तोंडामुळं. मंजुळाबाई म्हणजे स्पष्ट बाई. भाजी शिळी असंल तर गिऱ्हाइकाले मीच सांगते, आज घेऊ नको. नवऱ्यालेही तोंडावर सांगते. नारायणराव म्हणतात, तुझ्या जिभेले हाड नाही. नसू दे.

तर आमची अर्पिता बुलढाण्याले नर्सिंग शिकते. नात्यातल्या मामानं हिवरा आश्रम गावाकडचं स्थळ आणलं. मामाले नाही कसं म्हणावं, म्हणून यांनी पाहुण्यांले बोलावून घेतलं. पोरगी सकाळीच मले म्हणाली, "आई, शिक्षण होईस्तोवर मले लग्न करायचंच नाही. बाबा काही बोलायचे नाहीत. तू स्पष्ट सांगशील ना?"

"त्यात काय," म्हणलं. "दोन मिनिटांचं काम हाय."

पाहुणे आले. भागवत नावाचा पोरगा, खाली मान घालून पोहे खाणारा. सोबत त्याची आई सत्यभामाबाई. आता माणसं आगाऊ असती तर मी कोणाच्या बापाले भ्याले नसते. पण बाई लई गोड निघाली. येताना वावरातल्या तुरीच्या शेंगा घेऊन आली, अन् अर्पिताले उंची-रंगाचं एक अक्षर विचारलं नाही. माझी जीभ टाळ्यालेच चिकटली. ते उठाले लागले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कळवतो."

अर्पितानं असं पाहिलं की मले माझीच लाज वाटली. 'कळवतो' म्हणजे नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालेही ठाऊक हाय. अन् कळवत मात्र कोणीच नाही.

सत्यभामाबाई उठता उठता परत बसल्या.

"बाई, हे कळवतो आम्ही अकरा घरी ऐकलं. पोरगा शेती करते म्हणलं की लोक कळवतोच म्हणतात. नाही असंल तर आत्ताच नाही म्हणा. आम्हाले राग नाही येणार."

मी पदर सावरला.

"नाही," म्हणलं. "पोरगी शिकून राह्यली, तिच्या मनात सध्या लग्न नाही. तुमच्या पोरात काही खोट नाही. तुम्हाले बोलावलं, ही आमची चूक."

नारायणरावांनी डोळेच मिटून घेतले. मग भागवतनं पहिल्यांदा मान वर केली अन् चक्क हसला.

"बरं झालं काकू," तो म्हणाला. "आज आई फोन उशाशी घेऊन झोपणार नाही."